‘लस’ हा शब्द आला कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२१ च्या जानेवारीत करोनाची लस द्यायला सुरुवात झाली आणि या शब्दाबद्दलची पत्रं येऊ लागली, ती अजून येतात. कुणाला ‘लसीचा’ लिहावं की ‘लशीचा’ हे हवं असतं, कुणाला गाईची गोष्ट खरी आहे का हे. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘लस’ या शब्दाचा मूळ अर्थ काय? औषध की आणखी काही?

औषध हा नंतरचा अर्थ. मुळात लस म्हणजे जखमेतून किंवा फोडातून पाझरणारा पातळ, किंचित चिकट स्राव. गुडघा खरचटला, रक्त थांबलं, तरी वर एक ओलसर चकाकी राहते आणि चड्डीचं कापड तिला चिकटतं, ती लस. “खाजवू नकोस, लस येईल” हे आपल्यापैकी अनेकांनी आईकडून ऐकलेलं असतं. पू घट्ट आणि पिवळा, लस पातळ आणि जवळजवळ पारदर्शक, हा फरक घरोघरी माहीत होता.

देवीच्या रोगावरची पहिली लस याच द्रवाची होती. टोचलेल्या मुलाच्या दंडावर आठवडाभरात फोड येई. तो पिकायच्या आत त्यातला स्वच्छ स्राव सुरीच्या टोकावर घेत आणि पुढच्या मुलाच्या दंडावर ओरखडा काढून त्यात भरत. म्हणजे लस देणं हे तेव्हा अक्षरशः लस देणं होतं. इंग्रज डॉक्टरही या द्रवाला ‘लिंफ’ म्हणत. त्या लॅटिन शब्दाचा अर्थ स्वच्छ पाणी. आज कुपीत जे असतं त्याचा कुणाच्या फोडाशी संबंध नाही, पण नाव तेच टिकलं आहे.

२. हा शब्द संस्कृत आहे का? लसूण, आळस, उल्हास यांच्याशी त्याचं नातं आहे का?

संस्कृतात ‘लसीका’ आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातल्या जलीय अंशाचं वर्णन येतं, तिथे म्हटलं आहे की त्वचेच्या आत असलेलं हे पाणी व्रणात आलं की त्याला लसीका हे नाव मिळतं. आपल्या ‘लस’चा घरगुती अर्थ आणि चरकाची ही व्याख्या यांत केसाचंही अंतर नाही. मला या शब्दाबद्दल सर्वांत जास्त जिव्हाळा वाटतो तो यामुळे. दोन हजार वर्षांच्या आसपासचं एक बारकाईचं निरीक्षण कुणी मुद्दाम न जपता बायकामुलांच्या बोलण्यात जिवंत राहिलं.

धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘लस्’ या धातूचे दोन अर्थ दिले आहेत: श्लेषण म्हणजे चिकटणे आणि क्रीडन म्हणजे खेळणे. चिकटण्याच्या अर्थाकडून लस आली. हिंदीत चिकटपणाला ‘लस’च म्हणतात. खेळण्याच्या, झळकण्याच्या अर्थाकडून विलास आणि उल्लास आले, त्याचाच आपला उल्हास. अलस म्हणजे ज्याच्यात ही चपळाई नाही तो, आणि त्यावरून आलस्य, आळस. तेव्हा आळस आणि उल्हास ही लांबची भावंडं खरी. लसूण मात्र या घरातली नाही. ती ‘लशुन’ या वेगळ्या शब्दातून आली, केवळ उच्चार जवळ आला आहे.

३. व्हॅक्सीन या शब्दात गाय आहे असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे. लॅटिनमध्ये ‘व्हॅका’ म्हणजे गाय आणि ‘व्हॅक्सिनस’ म्हणजे गाईचा.

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशर परगण्यात बर्कली गावी एडवर्ड जेन्नर नावाचा डॉक्टर होता. त्या भागात गवळणींमध्ये एक समजूत होती, की गाईच्या सडांवर येणाऱ्या फोडांचा संसर्ग धार काढताना हाताला झाला, तर त्या बाईला पुढे देवी येत नाहीत. बेंजामिन जेस्टी नावाच्या एका शेतकऱ्याने १७७४ सालीच या समजुतीवर विसंबून स्वतःच्या बायकोला आणि दोन मुलांना गाईच्या फोडांतला स्राव टोचला होता. जेन्नरचं श्रेय वेगळं आहे. त्याने ती समजूत कसोटीला लावली. १४ मे १७९६ रोजी सॅरा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातली लस त्याने जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या, माळ्याच्या मुलाच्या दंडात भरली. १ जुलैला त्याच मुलाला खऱ्या देवीचा पू टोचला. देवी आल्या नाहीत. आठ वर्षांच्या पोरावर केलेला हा प्रयोग आज कुठलीही समिती मंजूर करणार नाही, आणि करूही नये. ज्या गाईपासून सॅराला संसर्ग झाला तिचं नाव ब्लॉसम. तिचं कातडं लंडनच्या सेंट जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयात जपलेलं आहे.

१७९८ साली जेन्नरने आपलं पुस्तक छापलं आणि त्याच्या शीर्षकात या रोगाला ‘व्हॅरिओली व्हॅक्सिनी’ म्हटलं, म्हणजे ‘गाईच्या देवी’. त्यातलं विशेषण सुटं झालं आणि त्याचं व्हॅक्सीन बनलं.

४. मग ‘व्हॅक्सिनेशन’ हा शब्द जेन्नरनेच काढला का?

नाही. तो काढला रिचर्ड डनिंग या त्याच्या मित्राने. हा प्लिमथचा शल्यवैद्य होता आणि साल होतं १८००. त्या काळी या शब्दाचा अर्थ फार नेमका होता: गाईच्या देवींची लस टोचणे, बस्स.

अर्थ मोकळा केला लुई पाश्चरने. कोंबड्यांचा कॉलरा आणि जनावरांची काळपुळी यांवर त्याने रोगजंतूच दुबळे करून टोचण्याची पद्धत बसवली होती. या कामात गाईच्या देवींचा काहीच संबंध नव्हता. तरीही १८८१ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत त्याने सुचवलं, की जेन्नरच्या सन्मानार्थ अशा सगळ्याच टोचण्यांना व्हॅक्सिनेशन म्हणावं. तेव्हापासून गाय शब्दात राहिली आणि अर्थातून गेली.

मराठीत ठराव झाला नाही, पण प्रवास तोच झाला. वाल्देमार हाफकिन या जंतुशास्त्रज्ञाने प्लेगवर केलेली लस १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत आधी स्वतःला टोचून घेतली. तिच्यात होते रश्श्यात वाढवून उष्णतेने मारलेले जंतू. फोडातला स्राव नव्हता, तरी मराठीत ती प्लेगची लसच.

५. इनॉक्युलेशन म्हणजे तेच ना?

आता दोन्ही शब्द सरमिसळ वापरतात, मुळात नाही. हा शब्द व्हॅक्सीनच्या आधीचा आहे आणि तो बागेतून आला आहे. लॅटिनमध्ये ‘ऑक्युलस’ म्हणजे डोळा, आणि झाडाच्या फुगीर कळीलाही तोच शब्द. ‘इनॉक्युलारे’ म्हणजे एका झाडाचा डोळा दुसऱ्या झाडाच्या सालीत बसवणे. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. नागपूरकडे संत्र्याची कलमं करणारा माळी ‘डोळा भरतो’ किंवा ‘डोळा बांधतो’ असंच म्हणतो. गुलाबाचंही तसंच. उसाच्या कांडीला तर डोळेच असतात. सालीला चीर द्यायची, आत डोळा सरकवायचा, बांधून टाकायचं. अठराव्या शतकात इंग्लंडमधले डॉक्टर देवीचा पू टोचताना हेच करत: कातडीला चीर, आत थोडा पू, वर पट्टी.

या टोचणीत गाय नव्हती. देवीच्या रोग्याचाच पू निरोगी माणसाला दिला जाई. सौम्य देवी येत आणि बहुतेक जण वाचत, पण काही दगावत आणि त्यांच्यापासून साथही पसरू शके. लेडी मेरी वर्टली माँटेग्यू या इंग्रज राजदूताच्या पत्नीने ही रीत तुर्कस्तानात पाहिली आणि १७२१ साली लंडनमध्ये आपल्या मुलीला टोचून घेऊन ती इंग्लंडात रुजवली. जेन्नरच्या लशीने पुढे हिची जागा घेतली.

६. हिंदीत टीका म्हणतात. आपल्याकडे टीका म्हणजे नावं ठेवणं. असं का?

शब्द सारखे दिसतात इतकंच. मराठीतली टीका म्हणजे ग्रंथावरचं विवरण, आणि त्यावरून गुणदोष दाखवणं. हिंदीतला लशीसाठीचा टीका म्हणजे टिळा, अंगावरची खूण. बंगालमध्ये देवी टोचणारे लोक होते, त्यांना टीकादार म्हणत. टोचल्यावर दंडावर जी गोल खूण राही तीच नावाला कारण झाली. बंगालीतही टीकाच म्हणतात.

इतर भाषा पाहायला मला फार आवडतं. गुजरातीत ‘रसी’ म्हणजे पू आणि रसी म्हणजे लस, म्हणजे गुजरातीनेही मराठीसारखा तो पाझरणारा द्रवच पकडला. कन्नडमध्ये ‘लसिके’, म्हणजे आपलीच लसीका. तमिळमध्ये ‘तडुप्पूसि’, अडवणारी सुई. युरोपने गाय लक्षात ठेवली, हिंदी-बंगालीने खूण, तमिळने सुई आणि आपण, गुजराती व कानडी शेजाऱ्यांनी फोडातलं पाणी. एकाच कृतीकडे पाहणाऱ्यांची नजर वेगवेगळ्या जागी थांबली. म्हणून ‘लस’ला व्हॅक्सीनचं भाषांतर म्हणणं मला पटत नाही. ते डोळ्यांनी पाहून दिलेलं नाव आहे.

७. आजी ‘देवी काढल्या’ म्हणायची. काढल्या कशा? टोचतात ना?

दोन्ही वाक्प्रयोग मराठीत होते: देवी टोचणे आणि देवी काढणे. काढणे म्हणजे इथे बाहेर आणणे, अंगावर उमटवणे. रांगोळी काढतो, चित्र काढतो तशा देवी काढायच्या. हातात सुई असलेला माणूस अंगावर मुद्दाम दोन-चार देवी उठवतो, म्हणजे अंगभर उठायला नकोत. माझ्या आजीच्या डाव्या दंडावर नाण्याएवढ्या दोन खुणा होत्या. त्यांवरून बोट फिरवत ती सांगायची, “या काढलेल्या, आलेल्या नव्हेत.”

रोगाला देवी का म्हणत, हा प्रश्नही याच पत्रांतून येतो. हा रोग म्हणजे शीतलादेवीचा कोप किंवा तिचं अंगात येणं, ही समजूत देशभर होती. म्हणून रोगाचं नाव न घेता आदराने ‘देवी आल्या’ म्हणायचं, तेही अनेकवचनात. वैद्यकातलं जुनं नाव वेगळं आहे: मसूरिका, मसुराच्या डाळीएवढे फोड म्हणून. युरोपीय ‘व्हॅरिओला’चा संबंध ठिपकेदार या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी लावतात.

८. भारतात पहिली लस कुणाला दिली गेली?

मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. लस बगदादहून बसऱ्याला आणि तिथून जहाजाने मुंबईला पोचली होती. शीतपेटी नव्हती. उन्हात द्रव वाळून निकामी व्हायचा, म्हणून बहुतेक वेळा माणसाच्या दंडावरून माणसाच्या दंडावर अशीच ती पुढे नेत. ॲनाच्या दंडावरच्या फोडातून पुढच्या आठवड्यात आणखी पाच मुलांना टोचलं गेलं आणि मुंबईतून ती पुणे, सुरत, मद्रास, श्रीलंका अशी पसरली. पहिल्या प्रश्नातला अर्थ इथे डोळ्यांसमोर उभा राहतो: एका लहान मुलीच्या फोडातली लस, आणि तिच्यावर अवलंबून असलेला अर्धा देश.

पुढे १८७७ च्या कायद्याने मुंबई शहरात मुलांना देवी टोचणं सक्तीचं झालं.

९. ‘लसीचा’ की ‘लशीचा’? आणि ‘लसीकरण’ बरोबर आहे का?

मराठीच्या चालीने ‘लशीचा’. म्हैस–म्हशीचा, घूस–घुशीचा, तसं लस–लशीचा. ईकारापुढे मराठी स चा श होतो. अनेकवचनही लशी. छापील मजकुरात ‘लसीचा’, ‘लसी’ भरपूर दिसतं आणि मी ते चूक ठरवणार नाही, पण बोलताना तोंडात येतं ते लशीचा.

लसीकरणात श होत नाही, कारण तो संस्कृत पद्धतीने घडवलेला शब्द आहे. ‘-ईकरण’ म्हणजे जे नव्हतं ते करणं: शुद्धीकरण म्हणजे शुद्ध करणं. त्या हिशेबाने लसीकरण म्हणजे लस बनवणं व्हायला हवं, अशी तक्रार व्याकरणाचे शिक्षक करतात आणि काटेकोर पाहिलं तर ती खोटी नाही. पण विद्युतीकरणात गाव विद्युत होत नाही, गावात वीज येते. हाच अर्थ आता रुळला आहे. साधं बोलायचं तर ‘लस टोचणे’, ‘लस घेणे’ पुरतं. करोनाकाळात वृत्तपत्रांनी ‘लसवंत’ काढला, तो मला आवडला होता. गुणवंत, भाग्यवंत यांच्या ओळीत तो सहज बसतो.

१०. व्हॅका आणि आपला वत्स, वासरू एकच का?

नाही. ‘वत्स’चा लॅटिन नातलग वेगळा आहे: ‘व्हिट्युलस’, म्हणजे वासरूच. वर्ष या अर्थाच्या एका प्राचीन शब्दाशी दोघांचं नातं जोडतात. वत्सर, संवत्सर यांत तो अर्थ दिसतो, म्हणजे वत्स हे मुळात वर्षाचं पिल्लू. आणि ‘गो’चा लॅटिन नातलग ‘बॉस’ आहे. इंग्रजीतला ‘काउ’ही त्याच घरातला.

११. जेन्नरच्या आधी भारतात लस होती असं पुढे पाठवलेल्या संदेशांत येतं. कितपत खरं?

अर्धं खरं. देवीचा पू टोचण्याची रीत भारतात होती आणि ती नीट होती. हॉलवेल नावाच्या इंग्रज शल्यवैद्याने १७६७ साली बंगालमधल्या टोचणीचं सविस्तर वर्णन लंडनमध्ये छापलं: टोचणारे कधी येतात, आधी पथ्य काय, पू कुठला वापरतात. प्रश्न ५ मधली टोचणी ती हीच. तिचं श्रेय ठामपणे घ्यावं.

गाईच्या देवींची लस मात्र संस्कृत ग्रंथांत नाही. १८१९ साली मद्रासच्या एका वृत्तपत्रात धन्वंतरीच्या नावाने असा उल्लेख असल्याचं पत्र आलं आणि तेव्हापासून ते उतारे फिरत आहेत. वैद्यकाच्या इतिहासकारांनी शोध घेतल्यावर दिसलं, की लोकांनी नवी लस आपली म्हणून स्वीकारावी या हेतूने ते उतारे त्या काळात रचले गेले होते. हेतू चांगला होता. पण आज ते पुरावा म्हणून पुढे केले, की खऱ्या भारतीय टोचणीवरचाही विश्वास उडतो, याचं मला वाईट वाटतं.

१२. देवीच्या लशीतला विषाणू खरंच गाईचा होता का?

इथे शब्द आणि वस्तू यांची फारकत होते. १९३९ साली ॲलन डाउनी या ब्रिटिश संशोधकाने दाखवलं, की तेव्हा वापरात असलेल्या लशीतला विषाणू गाईच्या देवींच्या विषाणूपेक्षा वेगळा आहे. त्याला ‘व्हॅक्सिनिया’ म्हणतात. मग तो आला कुठून? २०१७ साली अमेरिकेतल्या १९०२ च्या एका जुन्या लशीचा जनुकक्रम वाचला गेला आणि तो घोड्याच्या देवींच्या विषाणूशी फार जवळून जुळला. जेन्नरला स्वतःलाही वाटत होतं, की गाईचा हा रोग घोड्यांच्या पायांवरून, नाल मारणाऱ्यांच्या हातांनी गोठ्यात येतो. त्याच्या तर्काचे सगळे तपशील टिकले नाहीत, पण घोड्याकडे दाखवलेलं बोट बरोबर दिशेला होतं.

म्हणून ‘व्हॅक्सीन’ हे नाव काटेकोरपणे पाहता चुकीच्या जनावराचं असू शकतं. ‘लस’ला ही अडचण नाही, तिच्यात जनावरच नाही.

१३. दंडावरची खूण देवीच्या लशीची की बीसीजीची?

भारतात १९७५ च्या मे महिन्यात देवीचा शेवटचा रुग्ण सापडला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. त्यानंतर जन्मलेल्यांच्या डाव्या दंडावर वरच्या बाजूला असलेली खूण सहसा बीसीजीची. ही लस क्षयाची, १९२१ पासूनची. कालमेत आणि गेरँ या दोघांनी तेरा वर्षांत २३१ वेळा वाढवून दुबळा केलेला तिच्यातला जंतू मूळचा गाईच्या क्षयाचा आहे. म्हणजे प्रश्न १२ मध्ये हरवलेली गाय इथे सापडते. गाईचीच म्हणावी अशी लस जवळजवळ प्रत्येक भारतीय बाळाला जन्मल्यावर मिळते.

१४. साप चावल्यावर देतात ती लस का?

गावाकडे म्हणतात लस, पण ती लस नव्हे, प्रतिविष आहे. घोड्याला थोडं थोडं विष देऊन त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं वेगळी काढतात आणि रोग्याला देतात. मुंबईची हाफकिन संस्था हे काम वर्षानुवर्षं करत आली आहे. लस शरीराला स्वतः लढायला शिकवते, प्रतिविष तयार सैन्य पुरवतं.

शब्दाच्या दृष्टीने लोकांचं फारसं चुकत नाही. प्रतिविष मिळतं ते रक्ताच्या सिरममधून, आणि सिरम म्हणजे लॅटिनमध्ये दही फुटल्यावर सुटणारं निवळ पाणी. रक्ताची निवळ आणि जखमेची लस, दोन्ही एकाच जातीचे द्रव. पण दवाखान्यात सांगताना ‘लस घेतली’ म्हणू नका, ‘सापाचं इंजेक्शन घेतलं’ म्हणा. डॉक्टर धनुर्वाताची लस समजतील.

१५. लसीका ग्रंथी सुजल्या असं अहवालात आहे. लशीमुळे का?

नावावरून तसा अर्थ काढू नका. लसीका म्हणजे इथे मूळ अर्थाने शरीरातला तो द्रव (प्रश्न २). मानेतली, काखेतली अवधाणं म्हणजेच लसीका ग्रंथी. लस टोचल्यावर त्या बाजूच्या काखेत अवधाण येऊ शकतं हे खरं, पण घसा दुखण्यापासून क्षयापर्यंत इतर कारणंही असतात. डॉक्टरांना विचारा.

१६. पोलिओचे थेंब पाजतात, त्याला डोस का म्हणतात?

‘डोस’ ग्रीकमधून आला, अर्थ देणं. आपल्या ‘दा’ धातूचा तो सख्खा नातलग, दान आणि देणे यांचा. थेंब असले तरी ती लसच. टोचणं ही लशीची अट नाही.

१७. लंपीच्या साथीत आमच्या गाईंना शेळीची लस दिली. असं चालतं का?

चालतं, आणि या पानावरचा हा मला सर्वांत प्रिय प्रश्न आहे. २०२२ मध्ये लंपी त्वचारोग पसरला तेव्हा महाराष्ट्रात गाईबैलांना शेळ्यांच्या देवीची, म्हणजे गोट पॉक्सची लस टोचली गेली. लंपीचा विषाणू आणि शेळ्या-मेंढ्यांच्या देवींचे विषाणू एकाच गटातले आहेत, त्यामुळे एकाची लस दुसऱ्यापासून बऱ्यापैकी बचाव करते. जेन्नरचा मार्ग हाच होता, एका प्राण्याचा सौम्य सोयरा दुसऱ्याच्या संरक्षणाला आणण्याचा. तेव्हा गाय देणारी होती, इथे घेणारी.

काही शेतकऱ्यांनी विचारलं आहे, की लंपी म्हणजेच गाईच्या देवी का. नाही. ‘देवी’ हे नाव दोन्हीकडे येत असलं, तरी सडांवर येणाऱ्या त्या सौम्य फोडांचा विषाणू वेगळ्या गटातला आहे. लंपीत गाठी अंगभर येतात, ताप चढतो, दूध आटतं आणि जनावर दगावूही शकतं.